पिल्लं कधी सोडायची? कोकणातल्या एका कासव-गावातला पेच

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एक छोटं किनारी गाव आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि साल मुद्दाम गाळलं आहे. घटना मात्र घडल्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. त्या हंगामात मी गावाच्या कासव समितीला नोंदवह्या लावून द्यायला मदत करत होतो, त्यामुळे बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले कासवं. ओडिशात गहिरमाथ्याला हजारोंनी एकदम येतात, तशी कोकणात येत नाहीत. इथे एकेक मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, तोंड अरुंद आणि तळ रुंद असा दीड फुटाचा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून ती जागा दाबते आणि परत जाते. नंतर त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसं खणून न्यायची, उरलेली कोल्हे आणि कुत्री. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि सागरी कासवं त्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. पण कायदा रात्री दोन वाजता पुळणीवर गस्त घालत नाही. ती गस्त २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केली. पुढे वनखातं आणि त्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष त्यात उतरले आणि रायगड ते सिंधुदुर्ग अनेक गावांत घरटी राखणारे कासवमित्र उभे राहिले.

वेळासमुळे आणखी एक गोष्ट रुजली, ती म्हणजे कासव महोत्सव. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, गावातच घरगुती निवासात उतरतात, जेवणखाणाचे पैसे गावाला मिळतात. अंडी विकून मिळायचे त्यापेक्षा जास्त पैसे कासव जगवून मिळतात, हे लोकांनी स्वतःच्या अंगणात पाहिलं. कोकणातल्या कासव संवर्धनाला हाच खरा आधार आहे असं मला आजही वाटतं. पुढे जे लिहिलं आहे ते महोत्सवाच्या विरोधात कुणी वाचू नये.

आपल्या गावात दोन कासवमित्र होते. दोघेही मासेमारीतले, एक चाळिशीचा, दुसरा त्याचा पुतण्या. पहाटे पुळणीवरचे माग काढायचे, घरटं सापडलं की अंडी घातल्यापासून काही तासांच्या आत, उलटी-पालटी न करता हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, आणायची आणि तशाच मापाच्या खड्ड्यात पुरायची. सुरूच्या बनाला लागून जाळीचं कुंपण घातलेली ती हॅचरी. प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली आणि शेजारी पाटी: तारीख, अंड्यांची संख्या, पिल्लं बाहेर येण्याची अंदाजे तारीख. मार्चपर्यंत पंधरा-वीस घरांत पाहुणे ठेवायची सोय झाली होती.

अडचण

‘अंदाजे’ ही सगळ्यात मोठी गोची. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू तापलेली असली की लवकर, थंडी लांबली की उशिरा. जानेवारीच्या घरट्याला जितके दिवस लागतात तितके फेब्रुवारीअखेरच्या घरट्याला लागत नाहीत. त्यामुळे पाटीवरची तारीख चार-पाच दिवस इकडे-तिकडे होते. शिवाय पिल्लं अंड्यातून निघाली तरी लगेच वर येत नाहीत. खालीच दोन-तीन दिवस थांबतात, पोटाशी लटकलेला बलक आत शोषून घेतात, एकमेकांना ढोसत वर सरकतात आणि वरची वाळू गार झाली की बाहेर पडतात. म्हणजे बहुतेक वेळा रात्री.

इकडे समितीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं: ‘शनिवार सायंकाळी ६ आणि रविवार सकाळी ७, पिल्लांना समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम.’

मग मधल्या वेळात पिल्लांचं काय व्हायचं? रात्री बारा वाजता आलेली पिल्लं ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवली जायची आणि सकाळी सातला सोडली जायची. सकाळी आठ वाजता आलेली संध्याकाळी सहाला. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. पिल्लं मरत नव्हती, हलत होती, समुद्रात जात होती.

पण पंधरा-वीस ग्रॅमचा तो जीव बाहेर पडतो तोच पोहण्याच्या आवेगात असतो. पाण्यात शिरल्यावर साधारण पहिला दिवसभर ते न थांबता पोहत राहतं, कारण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात खाणारे मासे जास्त असतात आणि तो पट्टा लवकर ओलांडायचा असतो. त्यासाठी लागणारी शिदोरी म्हणजे पोटातला बलक. घमेल्यात पाय मारत बसलेलं पिल्लू तीच शिदोरी तिथे खर्च करतं. मलेशियात हिरव्या कासवांच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात, हॅचरीत जास्त वेळ रोखून धरलेल्या पिल्लांचा पोहण्याचा वेग कमी झालेला दिसला. वाळूवरून तुरुतुरु गेलेलं पिल्लू पाहून आपण टाळ्या वाजवतो; त्याच्यात पुढच्या रात्रीपुरतं बळ उरलंय का, हे किनाऱ्यावरून दिसत नाही.

त्या वर्षी शिमग्याला जोडून शनिवार-रविवार आला. पालखीसाठी चाकरमानी गावात, त्यांचे मित्रमंडळ गावात, आणि दोन सहल-संयोजकांचे गट शनिवारी दुपारी पोचणार होते. सगळी घरं भरलेली. पाट्यांप्रमाणे तीन घरटी शनिवारच्या आसपास फुटायला हवी होती.

शुक्रवारची रात्र

शुक्रवारी रात्री पावणेबाराला पुतण्या टोपल्या तपासायला गेला. पाच नंबरच्या टोपलीखाली पिल्लं आली होती. टोपली उचलली तर एकावर एक चढलेली काळपट पिल्लं, कुणाच्या डोळ्यांवर वाळू चिकटलेली, कुणी टोपलीच्या बांबूला नाक लावून एकाच जागी पाय मारतंय. ऐंशीच्या वर होती. तेवढ्यात काका आले, मोजणी झाली आणि समितीच्या अध्यक्षांना फोन गेला.

अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. “उद्या दोनशे माणूस येतोय. आज सगळी सोडलीस तर उद्या दाखवणार काय? ठेव संध्याकाळपर्यंत.”

काका म्हणाले, “भाऊ, अठरा तास होतील.”

त्या फोनवर चार पर्याय बोलले गेले. सगळी लगेच सोडायची. सगळी सकाळी साडेसहाला, उजाडताना सोडायची. बहुतेक आता आणि थोडी शनिवारी संध्याकाळी. किंवा सगळी शनिवार संध्याकाळपर्यंत ठेवायची.

पहिला पर्याय पिल्लांच्या दृष्टीने निर्विवाद चांगला. अंधार होता, भरती चढत होती, चालायचं अंतर कमी. पण गावाने पाहुण्यांना दिलेला शब्द जात होता. दुसऱ्यात पिल्लांचा तोटा आणि फायदा नगण्य, कारण सकाळी गावात फक्त शुक्रवारी उतरलेले आठ-दहा पाहुणे असणार. उजाडल्यावर कावळे आणि घारी असतात ते वेगळंच. तिसरा पर्याय सगळ्यांना समजूतदारपणाचा वाटला. चौथ्याला काकांनी साफ नकार दिला.

शेवटी तिसऱ्याला मुरड घालून तोडगा निघाला: साठेक पिल्लं लगेच सोडायची, वीस ठेवायची, पण सकाळपर्यंतच. संध्याकाळपर्यंत नाही. अध्यक्षांनी नाइलाजाने मान्य केलं, कारण त्यांना खात्री होती की बाकीच्या दोन घरट्यांपैकी एक तरी शनिवारी दिवसभरात फुटेल.

साठ पिल्लं पाण्यापासून दहा-बारा पावलांवर वाळूत ठेवली. थेट पाण्यात सोडत नाहीत. वाळूवरून स्वतः चालत जाणं त्यांना दिशा पकडायला लागतं असं मानतात. बॅटऱ्या बंद केल्या. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर रात्रीचा सगळ्यात उजळ भाग म्हणजे समुद्रावरचं आकाश. पाचेक मिनिटांत वाळूवर नुसत्या रेघा उरल्या.

सकाळी साडेसहाला घमेल्यावरचं ओलं फडकं काढलं तेव्हा वीसपैकी काही पिल्लं पाय मारत होती, काही डोकं खाली टाकून स्वस्थ होती. मेलेली नव्हती. बोट लावलं की हलायची. वाळूवर ठेवल्यावर तीसुद्धा निघाली, पण दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. काल रात्रीची साठ आणि ही वीस एकाच घरट्यातली, एकाच वेळी वर आलेली. फरक फक्त सात तासांचा. पाहुण्यांनी फोटो काढले. काका काही बोलले नाहीत; त्यांनी नोंदवहीत ‘पाच नंबर, सोडली’ एवढं लिहिलं. नोंदवहीत तेवढाच रकाना होता.

शनिवार संध्याकाळ

दिवसभरात एकही घरटं फुटलं नाही. संध्याकाळी सहाला दोरीच्या अलीकडे दोनशेच्या घरात माणसं उभी. बारा नंबरच्या घरट्यावरची वाळू मात्र थोडी खचली होती. पिल्लं खाली अंड्यांतून निघाली की पोकळी होते आणि वर खळगा दिसतो, हे समितीतल्या सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे एकाने सुचवलं: “आहेतच ना खाली, हाताने वाळू काढू. दहा-पंधरा तरी मिळतील.”

या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण हाच. सुचवणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्या घरी चौदा पाहुणे होते आणि लहान मुलं रडकुंडीला आली होती. पण वेळेआधी उकरलेल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची पिवळी गाठ तशीच असते, कवच नीट सरळ झालेलं नसतं. असं पिल्लू पाण्यात टिकत नाही. वनरक्षक तिथे हजर होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, घरट्याला हात लागणार नाही, आणि ते कुंपणाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काका त्यांच्या शेजारी.

मग आरडाओरडा झाला. एका संयोजकाने पैसे परत मागितले. अध्यक्ष कर्ण्यावरून माफी मागत राहिले, त्याने वातावरण आणखी तापलं.

ते निवळलं ते एका काकूंमुळे. त्यांच्याकडे पाहुणे ठेवायची सोय होती. त्या पुढे आल्या, आपल्या पाहुण्यांना कुंपणापाशी घेऊन गेल्या आणि पाट्या वाचून दाखवायला लागल्या. बारा नंबरचा खळगा दाखवला. आत काय चाललं असेल ते सांगितलं: आता सगळी वर यायला धडपडतायत, पण वाळू गार होईपर्यंत थांबणार, कदाचित आज रात्री, कदाचित उद्या. इतर लोक जवळ सरकले. अर्धा तास त्या बोलत होत्या. त्यांनी समितीच्या एकाही बैठकीला आजवर हजेरी लावली नव्हती, कारण बोलावणंच घरच्या पुरुषाला जायचं.

बारा नंबर पहाटे चार पन्नासला फुटलं. काकांनी काकूंना फोन केला, काकूंनी पाहुण्यांना उठवलं, त्यांनी शेजारच्या घरी कळवलं. वीस-पंचवीस माणसं अंधारात येऊन गप्प बसली. पूर्वेला डोंगरामागे अजून फटफटलंही नव्हतं. पिल्लं वर आल्यापासून अर्ध्या तासात पाण्यात होती. आदल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त भांडलेले गृहस्थ त्यात होते. त्यांनी फोन खिशातून काढला नाही.

बैठक

मंगळवारी समिती बसली. या वेळी पाहुणे ठेवणाऱ्या घरांतल्या बायकांना बोलावलं होतं, ही वनपालांची सूचना. विषयपत्रिकेवर एकच मुद्दा होता, पैसे परत द्यायचे की नाहीत. पण काकूंनी तो फिरवला. “तुम्ही जाहिरातीत वेळ लिहिता आणि तोंड आम्हाला द्यावं लागतं. आम्ही आल्या-आल्या खरं सांगितलं तर माणसं ऐकतात. खोटा वायदा करून बसल्यावर नाही ऐकत.”

चर्चा तीन बाजूंनी झाली. काही जणांना कार्यक्रमाची वेळ ठेवायचीच होती, कारण संयोजकांना वेळापत्रक लागतं. काहींना महोत्सवच एक-दोन वर्षं थांबवावा असं वाटत होतं. ते मला पटलं नाही: उत्पन्न तुटलं तर गस्तीतला गावाचा रस तुटतो, आणि गस्त तुटली की कोल्हे आणि कुत्री हजर असतातच. तिसरी बाजू काकांची. त्यांनी शुक्रवारच्या वीस पिल्लांचं जे पाहिलं ते पहिल्यांदाच बोलून दाखवलं. अध्यक्ष सकाळी तिथे नव्हते. ते ऐकून बराच वेळ गप्प होते.

ठरलं ते असं. पिल्लं वर आली की तासाभराच्या आत सोडायची, वेळ कोणतीही असो. अपवाद एकच, भर उन्हात वर आलेली पिल्लं. ती सावलीत, अंधारात, गार ओल्या वाळूवर ठेवून ऊन उतरलं की सोडायची. जाहिरातीतून वेळ काढून टाकायची आणि ‘पिल्लं दिसतीलच अशी हमी नाही’ हे पहिल्या ओळीत लिहायचं, तळाशी बारीक अक्षरात नाही. पाहुण्याला आल्यावर विचारायचं की रात्री उठवलं तर चालेल का. चालेल म्हणणाऱ्यांची घरवार यादी कासवमित्राकडे. एका वेळी तीसच्या वर माणसं दोरीपाशी नाहीत. फोनचा उजेड बंद. बॅटरी फक्त कासवमित्राची, तीही लाल कागद लावलेली. आणि दरवेळी सोडायची जागा बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी मासे टपून राहतात.

पाहुण्यांना नक्की दाखवता येईल असं काहीतरी हवंच होतं. ते वनरक्षकांनी सुचवलं. घरटं फुटल्यावर दोन-तीन दिवसांनी ते उपसावं लागतंच: रिकामी टरफलं मोजायची, न उबलेली अंडी वेगळी करायची, वाळूत अडकलेलं एखादं पिल्लू असेल तर ते काढायचं. हे काम दिवसाउजेडी, सांगून-सवरून, सगळ्यांसमोर करता येतं. इतकी वर्षं ते गुपचूप उरकलं जायचं, कारण कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि त्यात बघण्यासारखं काही नाही असं समजलं जायचं. प्रत्यक्षात मुलं तिथून हलत नाहीत.

नोंदवहीत दोन नवे रकाने आले: पिल्लं वर आलेली वेळ आणि सोडलेली वेळ. मला विचाराल तर बाकी सगळ्या नियमांपेक्षा हे दोन रकाने मोलाचे. आधीच्या वह्यांत घरटी, अंडी, पिल्लं सगळं चोख होतं; पिल्लू किती तास घमेल्यात होतं हे मात्र कुठेच उमटत नव्हतं. जे वहीत येत नव्हतं त्यावर कुणी कुणाला जाब विचारणार कसा?

परिणाम

उरलेल्या हंगामात बहुतेक घरटी तासाभराच्या आत मोकळी झाली. दोनदा नियम मोडला, दोन्ही वेळा रात्री कासवमित्राला डुलकी लागली म्हणून, पाहुण्यांसाठी नाही. मात्र ते वहीत दिसलं आणि त्यावर बोलणं झालं.

पैशाचं चित्र मिश्र आहे. दोन्ही सहल-संयोजकांनी पुढच्या वर्षी गट आणले नाहीत. त्यांना ठरलेल्या वेळी ठरलेलं दृश्य हवं होतं. तीन घरांनी पाहुणे ठेवणं थांबवलं. पण जे येतात ते आता एकाऐवजी दोन रात्री राहतात, कारण पिल्लं दिसण्याची शक्यता वाढते. त्यामुळे काही घरांचं उत्पन्न टिकलं, काहींचं थोडं वाढलंसुद्धा. ज्यांचं घटलं त्यांची नाराजी खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पिल्लांचं काय? वाढून अंडी घालण्याजोगी व्हायला मादीला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्या शुक्रवारच्या साठांतलं आणि विसांतलं किती जगलं हे या किनाऱ्यावर बसून कधीच कळणार नाही. मोठ्या कासवांबद्दलही आपल्याला आत्ता-आत्ता कळतंय. २०२२ च्या जानेवारीत वेळासला पहिल्या मादीला उपग्रह टॅग लावला, तिचं नाव प्रथमा. आणि २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली, तोवर पूर्व किनाऱ्याची कासवं पश्चिमेला येऊन अंडी घालतात याला पुरावा नव्हता. अशा परिस्थितीत ‘इतकी पिल्लं सोडली’ हा आकडा संवर्धनाचं माप म्हणून अपुरा पडतो. पिल्लू कसं सोडलं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते मोजता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

तिसरा पर्याय, म्हणजे थोडी आता आणि थोडी नंतर, हा त्या रात्री समतोल वाटला, पण त्यात वीस पिल्लांचा तोटा आठ-दहा माणसांसाठी झाला आणि शनिवारची गर्दी तशीही रिकाम्या हाताने परत गेली. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देणारा तोडगा इथे कुणाच्याच कामी आला नाही. सगळी लगेच सोडून, रात्रीच संयोजकांना फोन करून ‘आज येऊन गेली, उद्याचं सांगता येत नाही’ असं कळवलं असतं तर काही गट यायचे थांबले असते, आणि जे आले असते ते माहीत असून आले असते.

दुसरं, हंगाम सुरू होण्याआधी, नोव्हेंबरातच, हा प्रश्न बैठकीत यायला हवा होता. रात्री पावणेबाराला फोनवर दोन माणसांनी ठरवायची ही गोष्ट नव्हती. काकांना शास्त्र कळत होतं, अध्यक्षांना गावाचा हिशेब कळत होता, पण दोघांना एकत्र बसवणारा नियम आधी लिहिलेला नव्हता.

तिसरं, बायकांना पहिल्यापासून समितीत घ्यायला हवं होतं. पाहुण्याशी दिवसभर बोलणारं माणूस तेच. पाहुण्याची अपेक्षा चहाच्या कपाबरोबर अंगणात घडते, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

वाळूच्या तापमानाकडे त्या वर्षी कुणी बघितलं नाही, तेही करायला हवं होतं. घरट्याच्या खोलीवर साधा तापमापक ठेवला असता तर पाट्यांवरचा अंदाज बराच सुधारला असता. शिवाय वाळू फार तापली की पिल्लांत माद्याच जास्त निपजतात आणि त्याहून तापली की अंडीच दगावतात, म्हणून सावलीचं कापड कधी लावायचं हेही कळलं असतं. आता दोन तापमापक आहेत.

सुटायचं राहिलेलं एक आहे. तासाभराच्या नियमाचा सगळा भार रात्री जागणाऱ्या माणसावर पडतो. मानधन दोघांना आहे, पण काका आणि पुतण्या दोघेही पहाटे होडीवर जातात. मार्च-एप्रिलमध्ये तिसरा माणूस लागतो. त्याचे पैसे प्रत्येक खोलीमागे ठरावीक रक्कम काढून उभे करावेत असं काकूंचं म्हणणं आहे. अध्यक्षांना किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकाकडून शुल्क घ्यावं असं वाटतं, म्हणजे गावात न राहता नुसतं बघून जाणाऱ्यांवरही थोडा भार येईल. दोन्हीत तथ्य आहे. ऑक्टोबरच्या बैठकीत यावर मतं घ्यायचं ठरलं आहे, आणि या वेळी नोटीस दर घरामागे एक नाही, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने जाणार आहे.